साडेसातची मीटिंग

ताई,

मी इचलकरंजीचा, वय ३१. मला अरे-तुरेच करा. 'अहो' म्हणालात तर बँकेचं पत्र आल्यासारखं वाटेल.

साडेचार वर्षं मी अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरच्या १९ जणांच्या एका कंपनीसाठी घरून काम केलं. लहान दवाखान्यांना पेशंटच्या वेळा लावून देणारं सॉफ्टवेअर होतं. पगार नव्हता, दरमहा ३,००० डॉलरचं बिल लावायचो. रोज संध्याकाळी साडेसातला मीटिंग. नोव्हेंबरात तिकडची घड्याळं मागे गेली की साडेआठला. तीन आठवड्यांपूर्वी त्या मीटिंगला सगळ्यांना कॅमेरे चालू करायला सांगितले आणि ११ मिनिटांत कंपनी बंद होत असल्याचं कळवलं. मालक रडला. मी म्यूटवर होतो.

पुढचे दहा दिवस मी दवाखान्यांना त्यांच्या नोंदी काढून देणारं एक साधन लिहिलं. गेल्या आठवड्यात सर्व्हर बंद करायचे होते. तिकडचे दवाखाने संपेपर्यंत आमच्याकडे पहाटेचे साडेपाच होतात, आणि त्या वेळी जागा असणारा मीच, म्हणून ते काम माझ्याकडे आलं. नक्की बंद करायचं का, असं स्क्रीनवर आलं. मी होय केलं. बाहेर दूधवाला आला होता. पेनसिल्व्हेनियातल्या एका दवाखान्यातलं कुणीतरी रोज सगळ्यांत आधी लॉगिन करायचं. मला फक्त नंबर माहीत आहे, ४१२. आपल्या दुपारी साडेचारला ४१२ आलं की मी चहा टाकायचो. आताही साडेचारला नजर तिकडे जाते.

माझे वडील खर्चीवाले, आठ माग होते. २०१९ साली ते भंगारात विकले. त्याच शेडमध्ये आता माझं टेबल आहे. घरी अजून काही सांगितलेलं नाही. रोज साडेसातला हेडफोन लावून तिथं जाऊन बसतो. परवा बेंदराला बाबा म्हणाले, चल, बैलांची कर तोडणी बघायला जाऊ. मी मीटिंग आहे म्हणालो.

दीड महिन्याचं बिल थकलंय, ते मिळेल का? पुण्याला जाऊ का? आणि साडेचार वर्षं काय केलंस असं कोणी विचारलं तर दाखवू काय? साइट उघडत नाही, कोड माझा नाही. जानेवारीत माझ्यामुळे एक काम सहा आठवडे लांबलं होतं. त्यामुळेच तर हे झालं नाही ना, हे डोक्यातून जात नाही.

– एक वाचक, इचलकरंजी (पत्र थोडं कापून छापलं आहे)

*

अरे, पत्र वाचल्यावर मला पहिला प्रश्न पैशाचा पडला नाही. रोज साडेसातला हेडफोन लावून तू ऐकतोस काय? गाणी लावतोस, की नुसतेच कानावर ठेवतोस?

विचारते कारण हा प्रकार मी जवळून पाहिलाय. २००९ मध्ये आमच्या कंपनीनं पुण्याचं ऑफिस गुंडाळलं. मी तिथे टेस्टिंगच्या टीमची लीड होते. आमच्यातला एकजण पुढे दोन महिने रोज सकाळी साडेआठला डबा घेऊन घराबाहेर पडायचा आणि संभाजी बागेत बसायचा. बायकोला संशय आला तो डब्यावरून. ऑफिसात असताना रोज निम्मी भाजी परत यायची, कारण दुपारी आम्ही सगळे एकमेकांच्या डब्यात हात घालायचो. आता डबा चाटूनपुसून परत यायला लागला. एवढी भूक कशी लागते, म्हणून तिनं विचारलं आणि तो रडायलाच लागला. नोकरी गेल्यापेक्षा त्या दोन महिन्यांचं ओझं त्याला पुढे कितीतरी वर्षं जड गेलं. तुझे अजून तीनच आठवडे झालेत.

आमचं ऑफिस गेलं तेव्हा निदान ते गेल्याचं दिसलं तरी. खुर्च्या टेम्पोत भरल्या, दारावरची पाटी काढली तिथे भिंतीचा मूळ रंग उघडा पडला. खालच्या टपरीवाल्यानं उधारीची वही बाहेर काढली, सगळ्यांची बाकी वाचून दाखवली आणि मग स्वतःच म्हणाला, जाऊ द्या, पुढचं लागलं की द्या. आम्ही चाळीसजण त्या टपरीवर जवळपास महिनाभर जमत होतो. कुणाला कुठून फोन आला, कुणाचा हप्ता कसा भागणार, मॅनेजरला कोणत्या शिव्या द्यायच्या, सगळं तिथेच. तुझ्या गल्लीत तुझी नोकरी कुणाला दिसतच नव्हती. पोरगा घरीच असतो, रात्री उशिरापर्यंत लाइट चालू असते, एवढंच लोकांना ठाऊक. त्यामुळे गेलेलीही कुणाला दिसली नाही. तुझं अर्धं दुखणं इथं आहे असं मला वाटतं. काहीतरी मोठं झालंय, आणि तुझ्याखेरीज इचलकरंजीत कुणाच्या लेखी काही झालेलंच नाही.

तर आधी बाबांशी बोल. बाकीचं नंतर.

इतर वाचकांसाठी दोन ओळी लिहिते, इचलकरंजीकरांनी पुढे जावं. खर्चीवाला म्हणजे दुसऱ्याच्या सुतावर कापड विणून देणारा यंत्रमागधारक. व्यापारी बीम, म्हणजे सूत गुंडाळलेला रूळ, पाठवतो, त्याचं कापड करून परत द्यायचं, मजुरी पिकाच्या, म्हणजे कापडातल्या आडव्या धाग्यांच्या हिशेबानं. माग स्वतःचे, शेड स्वतःची, वीजबिल स्वतःचं, कापड मात्र दुसऱ्याचं. व्यापाऱ्यानं बीम पाठवला नाही की माग उभे. आजारी पडलात तर तुमचं तुम्ही बघा. व्यापारी बुडाला तर त्याच्याकडची थकलेली मजुरीही बुडाली.

आता तुझं कंत्राट काढ आणि वाच. खोली तुझी, इंटरनेट तुझं, इन्व्हर्टर तुझा. तू लिहिलेली प्रत्येक ओळ त्यांची. सुट्टी, विमा, पीएफ काही नाही, तीस दिवसांच्या सूचनेवर संबंध संपणार. तू म्हणतोस, मी नेमकं काय करतो ते बाबांना कधी कळलंच नाही. अरे, या महाराष्ट्रात तुझं काम ज्यांना सगळ्यात आधी कळावं अशी माणसं तुझ्याच गावात आहेत. 'बाबा, मी खर्चीवाला होतो, माझा व्यापारी बसला.' एवढं म्हण. एका वाक्यात कळेल. पुढचे प्रश्न तेच विचारतील, आणि बघ, नेमके विचारतील: मजुरी किती अडकलीय, दुसरा व्यापारी बघितलास का, हातात किती महिन्यांचं आहे. आकडे लपवू नकोस. ११ लाख बाजूला आहेत असं मला लिहिलंस, मग त्यांनाही सांग. तुझ्या बाबांना सांत्वनापेक्षा हिशेब सोपा जाईल असा माझा अंदाज आहे.

जेवताना सांगू नकोस. जेवताना आई असते, ताट असतं, कुणालाच नीट बोलता येत नाही. उद्या साडेसातला शेडमध्ये जा, पण हेडफोन घरात ठेव आणि दार उघडं ठेव. ते येतीलच. आले नाहीत तर हाक मार. कदाचित दारातून विचारतील, 'इंटरनेट गेलंय काय रं?' तिथून सुरू कर.

आता जानेवारीतल्या त्या सहा आठवड्यांबद्दल. मी टेस्टर होते, लोकांच्या चुका काढण्याचे पैसे मला मिळायचे, म्हणून माझ्यावर विश्वास ठेव: एका लांबलेल्या कामानं कंपनी बुडत नाही. बुडणारी कंपनी मात्र प्रत्येक लांबलेल्या कामाकडे तुझ्यासारखीच बघत बसते. तू कामाला लागलास तेव्हा अमेरिकेत पैसा जवळजवळ फुकट होता. मार्च २०२२ पर्यंत तिकडच्या मध्यवर्ती बँकेचा दर शून्याच्या आसपास होता. जुलै २०२३ पर्यंत तो ५.२५ ते ५.५० टक्क्यांवर गेला. मुकाट बँकेत ठेवून पाच टक्के मिळत असताना, तोट्यातल्या एकोणीस जणांच्या कंपनीत 'पुढे कधीतरी नफा होईल' म्हणून पैसे घालणारा माणूस विचार करणारच. आणि अशा कंपन्या गुंतवणूकदाराच्या एका हप्त्यावरून दुसऱ्या हप्त्यापर्यंत जगतात. तुमच्या मालकाला पुढचा हप्ता मिळाला नाही, असं दिसतं.

दुसरी गोष्ट आपल्याकडे फारशी बोलली जात नाही, पण तुझ्या पोटाशी थेट जोडलेली आहे. २०२२ च्या कर-वर्षापासून अमेरिकेत सॉफ्टवेअर तयार करण्याचा खर्च त्याच वर्षी पूर्ण वजा करता येईनासा झाला. काम देशात केलं असेल तर तो खर्च पाच वर्षांत विभागायचा, देशाबाहेर केलं असेल तर पंधरा वर्षांत. म्हणजे तुला दिलेले वर्षाचे ३६,००० डॉलर खिशातून त्याच वर्षी गेले, पण कराच्या हिशेबात दरवर्षी त्यांचा जेमतेम पंधरावा हिस्सा खर्च धरायचा. अशानं एखादी छोटी कंपनी प्रत्यक्षात तोट्यात असून कागदावर नफ्यात दिसू शकते आणि त्या नफ्यावर कर भरावा लागू शकतो. जुलै २०२५ च्या कायद्यानं तिथल्या देशांतर्गत कामाची जुनी सवलत परत आणली. परदेशातल्या कामाची पंधरा वर्षं मात्र तशीच राहिली. तुमच्या मालकाला हे किती नडलं ते मला सांगता येणार नाही. पण इचलकरंजीतला डेव्हलपर कागदावर पूर्वीइतका स्वस्त राहिलेला नाही, हे नवीन काम शोधताना ध्यानात ठेव. आडून नकार आले तर ते तुझ्या इंग्रजीमुळे आले असं समजून रात्री जागू नकोस.

थकलेलं बिल. दीड महिन्याचं म्हणजे ४,५०० डॉलर. पूर्ण मिळतील असं समजून खर्चाचं गणित मांडू नकोस. तिकडे कंपनी रीतसर दिवाळखोरीत गेली तर कर्मचाऱ्यांच्या थकलेल्या पगाराला एका मर्यादेपर्यंत अग्रक्रम मिळतो. तू कर्मचारी नाहीस, म्हणून तुझं बिल सर्वसाधारण धनकोंच्या रांगेत जातं, जिथे वकील, जागामालक, सर्व्हरचं भाडं मागणारे सगळे उभे असतात. बऱ्याच छोट्या कंपन्या कोर्टात जातही नाहीत. उरलेली मालमत्ता एका त्रयस्थाच्या हवाली करतात आणि तो देणी वाटतो. दोन्हीकडे दावा दाखल करायची शेवटची तारीख असते, आणि ती चुकली की कुणी मागे फिरून बघत नाही. म्हणून आजच मालकाला मेल कर. बिल, कंत्राट आणि कामाच्या तासांची नोंद एकत्र जोड, आणि देणी कोण बघतंय, दावा कुणाकडे आणि कधीपर्यंत द्यायचा, ते सरळ विचार. रडणाऱ्या माणसाला पैसे मागायला तुला संकोच वाटेल, मला दिसतंय ते. तरी माग. तो रडला म्हणून तुझं वीजबिल थांबलेलं नाही.

कराचं थोडक्यात, कारण तुला सीए आहे. ज्याला सगळे ४४एडीए म्हणून ओळखतात त्या पद्धतीनं तू भरत असशील तर जमेच्या निम्मं उत्पन्न धरलं जातं आणि आगाऊ कर १५ मार्चपर्यंत एकदम भरला तरी चालतो. या वर्षी आतापर्यंत फार जमलेलंच नाही, म्हणून घाबरू नकोस. पण सप्टेंबरात तुला पगारी नोकरी लागली तर हे उत्पन्न आणि तो पगार एकत्र होतो, आणि नवी कंपनी तिच्याच पगारापुरता कर कापते. तेव्हा मार्चमध्ये धक्का बसतो. हे सीएला आधीच विचारून ठेव. आणि एक चौकशी: जीएसटीची नोंदणी आहे ना? परदेशी कामावर कर शून्य असला तरी वर्षाची जमा २० लाखांच्या वर गेली की नोंदणी लागते आणि दर आर्थिक वर्षी हमीपत्रही भरावं लागतं. तुझी जमा ती रेषा ओलांडते. 'आमचा सीए बघतो' म्हणणाऱ्या निम्म्या पोरांची नोंदणी नसते, असा माझा अनुभव आहे.

आता ज्याची सर्वात घाई आहे ते काम. तू पत्रात त्याचा उल्लेखही केलेला नाहीस.

पुण्यातल्या कुठल्याही कंपनीत तू निवडला गेलास की एक दिवस मनुष्यबळ विभागातून मेल येईल: मागच्या कंपनीचं रिलीव्हिंग लेटर, शेवटच्या तीन महिन्यांच्या सॅलरी स्लिपा, पीएफचा खातेक्रमांक, म्हणजे यूएएन. तुझ्याकडे यातलं काहीच नाही. पगारातून कापलेल्या कराचा दाखला, फॉर्म १६, तोही नाही. परदेशी कंपनी इथे टीडीएस कापत नाही, म्हणून आयकर खात्याच्या पानावरही तुझ्या कमाईच्या नोंदी दिसणार नाहीत. मग पडताळणी करणारी एजन्सी तू दिलेल्या पत्त्यावर मेल टाकणार, आणि तोपर्यंत त्या कंपनीच्या डोमेनचं भाडं थकलेलं असेल. मेल परत येईल. कागदावर तुझी साडेचार वर्षं म्हणजे रिकामी जागा. मी दुसऱ्या बाजूला बसून अशा फायली पाहिल्या आहेत. चांगली मुलं त्या एका रकान्यापायी महिना-महिना लटकलेली असतात, आणि फाइल पुढे ढकलणाऱ्या माणसाला त्याचं काही देणंघेणं नसतं.

म्हणून याच आठवड्यात, कंपनीचा ईमेल चालू आहे तोवर, मालकाकडून सही केलेलं पत्र घे. तू कधीपासून कधीपर्यंत काम केलंस, काय केलंस, कंपनी बंद झाल्यामुळे काम संपलं, एवढंच. मजकूर तूच लिहून पाठव, त्याला फक्त सही करायची ठेव. त्यात त्याचा वैयक्तिक ईमेल आणि फोनही असू दे. तुझ्यावरच्या अभियंत्याकडून वेगळं पत्र घे. बँकेत जाऊन साडेचार वर्षांच्या परदेशी जमेचे दाखले काढ. प्रत्येकावर उद्देशाचा कोड असतो, सॉफ्टवेअर सल्लासेवेचा पी०८०२. ते दाखले, बँक स्टेटमेंट आणि आयकर विवरणपत्रं एकत्र ठेवलीस की तीच तुझी सॅलरी स्लिप. शाखेतला माणूस म्हणेल, अ‍ॅपवर मिळेल. सगळे अ‍ॅपवर मिळतीलच असं नाही. उठू नकोस.

कोड मात्र घेऊ नकोस. 'कुणाला काय कळणार' म्हणून घेणारे असतात. तुझा नाही, तूच लिहिलंयस.

पुण्याचं बोलायचं तर अर्ज कर, मुलाखती दे, पण हातात पत्र पडेपर्यंत खोली घेऊ नकोस. मी पुण्यात तीस वर्षं राहतेय आणि हिंजवडीच्या रस्त्यावर माझ्या आयुष्याचे किती तास गेले ते मोजायचं मी सोडून दिलंय, तेव्हा माझं मत एकतर्फी आहे असं धरून चाल. तरी सांगते. तू साडेचार वर्षं एकटा काम केलंयस. वर्षभर माणसांच्यात बसून काम केलंस तर वाईट होणार नाही. कॅन्टीनमधला फालतूपणा, शेजारच्या टेबलावरचा वाद, काम अडलं की खुर्ची फिरवून कुणाला तरी विचारणं, हे तुला मिळालेलंच नाही. परत घरून काम मिळालं तर तेही घे. दोन्हीकडे अर्ज टाक, आधी येईल ते बघू. घर सोडणं म्हणजे हरणं, असा एक सूर तुझ्या पत्रात आहे. तो मला पटला नाही.

विमा. तुला कंपनीकडून कधी नव्हताच. नोकरीची वाट न बघता स्वतःचा आणि आई-बाबांचा काढ. आधीपासून असलेल्या आजारांना जास्तीत जास्त तीन वर्षं थांबावं लागतं, आणि ती तीन वर्षं पॉलिसी घेतल्या दिवसापासून मोजली जातात. बाबांना शुगर आहे असं तू ओझरतं लिहिलंयस. सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य विम्यावर जीएसटीही नाही.

राहिला तिसरा प्रश्न, दाखवायला काय आहे. खरं तर पत्रातला मला सर्वात आवडलेला भाग तू एका वाक्यात गुंडाळलास. शेवटचे दहा दिवस तू दवाखान्यांच्या नोंदी बाहेर काढून देणारं साधन लिहीत होतास. त्याचे पैसे मिळतील याची खात्री नव्हती. मालक रडत होता, बाकीचे नवीन नोकऱ्या शोधत होते. त्या दहा दिवसांत तू हे ठरवलंस की कुणाच्या पुढच्या आठवड्याच्या अपॉइंटमेंटा हवेत जाऊ नयेत.

गोष्टी सुरू करणारी माणसं मी पोत्यानं पाहिली. नीट बंद करणारी बोटांवर मोजण्याइतकी. आमचं ऑफिस बंद झालं तेव्हा बॅकअपच्या टेपा कुठल्या खोक्यात गेल्या हे कुणालाच माहीत नव्हतं. चार महिन्यांनी एका ग्राहकाला त्या हव्या होत्या. मी घरून फोनवर सांगत होते, पॅन्ट्रीशेजारच्या कपाटात बघा, आणि पलीकडचा माणूस सांगत होता, मॅडम, इथे आता जिम आहे. तो ग्राहक मला अजून आठवतो. त्याच्या आवाजात राग नव्हता, तो फक्त थकलेला होता.

मुलाखतीत तुला विचारतील, सर्वात अवघड काम कोणतं केलंत. नेहमीचं उत्तर देऊ नकोस, ते ऐकून-ऐकून त्यांचे कान किटलेत. हे सांग: किती दवाखाने होते, नोंदी कुठल्या स्वरूपात दिल्या, अर्धवट राहिलेल्या अपॉइंटमेंटांचं काय केलंस, साडेपाचच का निवडलेस, बंद केल्यावर उघडणाऱ्या पानावर काय लिहिलं होतंस. आकड्यांसकट आजच कागदावर उतरवून ठेव, कारण दोन महिन्यांत आकडे विसरायला होतात. समोरचा माणूस कधी असल्या प्रसंगातून गेलेला असेल तर तुझ्याकडे वेगळ्या नजरेनं बघेल. गेलेला नसेल तर पुढची मुलाखत बघ.

आणि ४१२. मी पत्राचा तो भाग दोनदा वाचला. कुणीतरी पेनसिल्व्हेनियात सकाळी सात वाजता दवाखान्याचं दार उघडायचं, दिवे लावायचं, आणि त्या क्षणी तू इकडे गॅसवर आधण ठेवायचास. साडेचार वर्षं. त्या माणसाला तू आहेस हे माहीतही नाही. यावर काही शहाणपणाचं बोलावं असं मला सुचत नाहीये. साडेचारचा चहा मात्र सोडू नकोस, दोन कप टाक.

तुमच्या टीममधल्या बाकीच्यांना एक मेल टाक, एकत्र एक कॉल ठेव, कामाशिवायचा. आम्हाला टपरी होती, तुम्हाला ती बांधावी लागेल. ज्याला वाटेल तो येईल. मालकालाही बोलाव, त्याला बोलावणारं कुणी नसेल.

बाबांशी बोलून झालं, हिशेब झाला, आईनं डोळे पुसून झाले, की मग एक काम माझ्यासाठी कर. माग उचलून नेले त्या दिवशी तू घरी नव्हतास ना? बाबांना विचार, ट्रकमध्ये माग चढवताना ते कुठे उभे होते. शेडमध्ये, की रस्त्याच्या पलीकडे. तू त्यांना हे कधी विचारलेलं नसणार. काय म्हणाले ते मला कळव.

ता. क.: लॅपटॉप ठेव म्हणाले असतील तर आधी त्यांच्या अ‍ॅडमिनकडून त्यावरचं कंपनीचं कुलूप काढून घे. अ‍ॅडमिनचं खातं बंद झालं की ते कुलूप निघणं फार अवघड होतं, आणि मग तोही किलोच्या भावानंच जाईल.